टीव्ही पाहणाऱ्या मुलाच्या शेजारी कोण बसतंय? (बडोद्यातल्या मराठी घरांसाठी)

दांडियाबाजारची_शिक्षिका

मंडळी, बडोद्यातल्या मराठी पालकांशी, आणि त्याहून जास्त आजी-आजोबांशी, सविस्तर बोलायचं आहे म्हणून वेगळा धागा काढतेय.

आमच्या सोसायटीत पालकांनी ठरवलंय की सहामाही परीक्षा होईस्तोवर घरोघरी टीव्ही बंद. काहींनी सेट-टॉप बॉक्सचं रिचार्जच केलं नाही. त्यामागची काळजी मला समजते. पण मी पहिली ते पाचवीच्या मुलांची ट्यूशन घेते, रोज पाच-सहा घरांच्या बैठकीच्या खोल्या बघते, आणि मला वाटतं की 'किती तास' या एकाच प्रश्नावर आपण अडकून बसलोय. टीव्ही चालू असताना मुलाच्या शेजारी कोण आहे आणि ते माणूस मुलाशी बोलतंय का, हे कुणी विचारतच नाही.

एका घराचं सांगते. मुलगा दुसरीत. बैठकीतच पलंगाला टेकून वही घेऊन बसतो. टीव्ही चालू असतो, पण पाहत कुणीच नसतं. आजोबा पेपरात, आई आत कणीक मळतेय, वडील गॅलरीत फोनवर. मुलगा हातच्याची वजाबाकी करतोय, ५२ वजा २७. पाचातला एक काढून दोनाला दिला, दोनाचे बारा झाले, आणि तेवढ्यात मालिकेतलं ते धडाम्‌ संगीत वाजतं. मान वर जाते. अर्धं मिनिटसुद्धा नाही. परत खाली बघतो तेव्हा बारातून सात गेले पाच हे बरोबर येतं, पण पाचाचे चार झालेत हे डोक्यातून निघून गेलेलं असतं. उत्तर ३५. घरचे म्हणतात, याचं गणित कच्चं आहे. टीव्ही बंद करायला लावला की त्याच पानावरची गणितं तो सरळ सोडवतो. त्याचं गणित कच्चं नाही हो!

कुणी न पाहता चालू राहणारा हा टीव्ही मला सगळ्यात वाईट वाटतो. यावर अमेरिकेत एक अभ्यास झाला, २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एक ते तीन वर्षांच्या मुलांना खेळणी देऊन बसवलं आणि खोलीत मोठ्यांचा एक प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम चालू ठेवला. मुलं त्याकडे काही सेकंदच बघायची, त्यातलं त्यांना कळण्यासारखं काही नव्हतंच. तरी त्यांचा खेळ तुटक झाला. एका खेळण्यात रमण्याचा वेळ कमी झाला. पुढच्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला: मागे टीव्ही चालू असेल तर आईबाप मुलाशी कमी बोलतात, आणि जे बोलतात त्यातही लक्ष अर्धंच असतं. ही मुलं माझ्या विद्यार्थ्यांपेक्षा लहान होती हे खरं, पण जे होतं ते मला रोज दिसतं.

दुसरी बाजूही आहे. आपली बहुतेक मुलं गुजराती नाहीतर इंग्रजी माध्यमात. घराबाहेर मराठी कानावर पडते ती गणपतीत, लग्नकार्यात, फार तर भाजीबाजारात एखादी ओळखीची मावशी भेटली तर. रोज तासभर सलग मराठी ऐकू येते ती टीव्हीवर. म्हणजे सरसकट बंद केला तर तेही जातं.

तुमच्या घरी काय चालतं ते लिहा. मुलांच्या अभ्यासाबद्दल लिहा, वागण्या-बोलण्याबद्दलही लिहा.

करेलीबाग_०७

ताई, धाग्याबद्दल आभार. पण मी बंद करणाऱ्यांच्या बाजूचा आहे आणि ठाम आहे.

मुलगी नववीत. मागच्या वर्षी संध्याकाळी सात ते दहा आमच्याकडे अखंड मालिका चालायच्या. जेवणसुद्धा टीव्हीसमोरच, ताटात काय आहे ते कुणी बघायचं नाही. पुस्तक हातात घ्यायची ती दहानंतर, पेंगत. जूनपासून बंद केलं. आता साडेआठला जेवण होतं आणि ती नऊ ते साडेदहा ताजी अभ्यासाला बसते. झोपही पूर्ण होते. शेजारी बसून समजावण्याच्या गोष्टी लहान मुलांसाठी ठीक, नववीच्या मुलीला वेळ हवा असतो, आणि टीव्ही तो खातो. दुसरं म्हणजे त्या मालिकांत दर दुसरी बाई कुणाच्या तरी दुधात काहीतरी मिसळत असते. हे रोज बघून माणसांबद्दल काय मत होणार?

बाबाजीपुऱ्याची_आजी

मी सत्तरीची आहे, नातसून टाइप करून देते, चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्याकडे मराठी वाहिन्यांचा पॅक मी हट्टाने ठेवलाय. २०१९ मध्ये ते नवीन नियम आले आणि हवी ती वाहिनी निवडून घ्यायची वेळ आली, तेव्हा मुलगा म्हणाला की आई, मराठी कोण बघतं, काढून टाकू. मी म्हटलं, माझ्या पेन्शनमधून कापून घे.

पणतू सात वर्षांचा. संध्याकाळी माझ्याजवळ बसतो. त्याच्या तोंडी प्रश्न सारखे. परवा मालिकेत सून सासऱ्यांना सांगते की दागिने बँकेत आहेत, आणि ते तर तिने गहाण टाकलेले. हा म्हणाला, "पणजी, ही खोटं का बोलली?" मी म्हटलं, तुला काय वाटतं? म्हणाला, "ते रागावतील म्हणून." मग म्हटलं, खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? त्याने विचार केला आणि म्हणाला, "एकदाच रागावले असते." जाहिरात संपली, मालिका परत सुरू झाली, आम्ही दोघं गप्प. गहाण म्हणजे काय तेही त्याने त्याच रात्री विचारलं, मग सोनं, सावकार, व्याज सगळं निघालं. हे मी त्याला धडा म्हणून शिकवायला बसले असते तर तो पळून गेला असता.

१९८४ साली 'हम लोग' लागायची तेव्हा आमच्याकडे टीव्ही नव्हता, रावपुऱ्यात जाऊबाईंकडे जायचो. शेवटी अशोककुमार यायचे, दोन शब्द बोलायचे, प्रश्न विचारायचे. परत येताना रस्ताभर आम्ही बायका त्यावरच बोलायचो. आता एक संपली की लगेच दुसरी सुरू. बोलायला उसंतच ठेवत नाहीत.

दांडियाबाजारची_शिक्षिका

आजी, नमस्कार. तुमचा प्रतिसाद वाचून फार बरं वाटलं.

'हम लोग'बद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण 'संस्कार' या विषयाशी तिचा थेट संबंध आहे. ती मालिका समाजशिक्षणाच्या हेतूनेच बनवली होती. त्यातली भागवंती, सगळं मुकाट सोसणारी आई, ही लिहिणाऱ्यांनी 'असं सोसू नका' हे दाखवायला उभी केली होती. नंतर संशोधकांनी प्रेक्षकांना विचारलं तेव्हा बऱ्याच जणांनी भागवंतीलाच आदर्श मानलं होतं! तेही अशोककुमार शेवटी येऊन समजावत असताना. पडद्यावरून सुटलेला अर्थ घरात पोचेपर्यंत असा उलटू शकतो. मग सात वर्षांचं मूल एकटं बसून त्या दागिन्यांच्या प्रसंगातून काय उचलेल, याचा विचार करा. कदाचित एवढंच की खोटं बोललं की वेळ निभावते.

करेलीबाग दादा, जेवण आणि झोपेबद्दल तुमचं शंभर टक्के पटतं. रात्रीची झोप टीव्हीपायी जाणं याला माझ्याकडे कुठलंच समर्थन नाही.

पीजजवळचा

माझं मूळ गाव खेडा जिल्ह्यातलं, आईकडून मराठी, वडलांकडून गुजराती. आता माणेजाला राहतो. शेजारी बसण्याचा विषय निघाला म्हणून लिहितो, कारण आमच्या भागात ते पन्नास वर्षांपूर्वी ठरवून केलं गेलं होतं आणि बडोद्याच्या लोकांनाही ते फारसं माहीत नसतं.

१ ऑगस्ट १९७५ पासून वर्षभर देशात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा 'साइट' प्रयोग चालला. नासाचा एटीएस-६ उपग्रह, कार्यक्रमांची जबाबदारी इस्रो आणि आकाशवाणी-दूरदर्शनची, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं. त्याच काळात आमच्याकडे पीज गावात लहान ट्रान्समीटर बसवला आणि खेडा जिल्ह्यासाठी वेगळे कार्यक्रम सुरू झाले. 'साइट' ३१ जुलै १९७६ ला संपला, पीजचं मात्र पुढे दहाएक वर्षं चाललं. अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातली माणसं कार्यक्रम बनवायची. टीव्ही कुणाच्या घरी नसायचा, दूध मंडळीच्या (सहकारी दूधसंस्थेच्या) नाहीतर पंचायतीच्या आवारात असायचा आणि सगळं गाव समोर जमिनीवर बसायचं.

वडील सांगतात की भाषा आमचीच, चरोतरी. पात्रं आमच्यासारखी, कधीकधी तर गावातलेच लोक काम करायचे. मजुरीचे दर, दारू, अस्पृश्यता, सावकाराचं कर्ज हे विषय. आणि कार्यक्रम दाखवून झाल्यावर ही मंडळी गावात येऊन विचारायची की काय समजलं, काय खटकलं, तुमच्याकडे असं होतं का. ते ऐकून पुढचे भाग बदलायचे. मजुरांच्या मजुरीवर कार्यक्रम झाला की त्याच आवारात मजूर आणि जमीनवाले एकमेकांसमोर बसलेले असायचे, त्यामुळे टीव्ही बंद झाल्यावर खरी चर्चा सुरू व्हायची. वडील तेव्हा सहावी-सातवीत होते. त्यांना कार्यक्रम फारसे आठवत नाहीत, पण त्या रात्रीची वादावादी कोण काय बोललं यासकट आठवते.

या प्रकल्पाला युनेस्कोचा ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार मिळाला होता. नंतर घरोघरी संच आले, राष्ट्रीय कार्यक्रम आले, आणि आवारातला संच बंद पडला तो पडलाच.

वडसरची_आई

मी हे सगळं वाचलं आणि मला थोडा रागही आला, तो मनात न ठेवता लिहिते.

मी सकाळी आठला घर सोडते, मकरपुऱ्याला नोकरी, परत यायला सात वाजतात. नवऱ्याची शिफ्ट. मुलगा साडेचार वर्षांचा, सासूबाईंजवळ असतो. त्यांचे गुडघे गेलेत. चार ते सात त्या त्याच्यामागे धावू शकत नाहीत, खाली बागेत नेऊ शकत नाहीत. कार्टून लावलं की तो एका जागी बसतो आणि त्या जरा आडव्या होऊ शकतात. 'शेजारी बसा' हे ज्यांच्याकडे माणूस आहे त्यांनी म्हणावं. माझ्याकडे तो माणूस नाही. घरी आल्यावर स्वयंपाक, डबे, उद्याची तयारी.

आणि कार्टून हिंदीत. त्यामुळे पोरगा आता आमच्याशी हिंदी बोलतो. "मम्मा, मुझे भूख लगी है." सासूबाईंना हिंदी धड येत नाही, त्या मराठीत विचारतात, तो हिंदीत उत्तर देतो. शेजारच्या गुजराती बा पण हेच म्हणतात, त्यांचा नातू पण तसाच. काय करू ते सांगा, पण माझा दिवस बघून सांगा.

सूरसागरकाठी

वडसरच्या ताई, हिंदी कार्टूनबद्दल तुम्ही एकट्या नाही. बांगलादेशात २०१३ मध्ये सरकारने हिंदीत डब केलेल्या 'डोरेमॉन'वर बंदी घातली, कारण मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलायला लागली होती.

दांडियाबाजारची_शिक्षिका

वडसरच्या ताई, तुमचा राग रास्त आहे. तुमचा दिवस समोर ठेवूनच लिहिते. जरा लांबेल.

आधी थोडा धीर. टीव्हीमुळे मूल बिघडलंच असं संशोधन सांगत नाही. अमेरिकेत १९४० आणि ५० च्या दशकात वेगवेगळ्या शहरांत टीव्ही वेगवेगळ्या वर्षी पोचला. गेंट्झको आणि शापिरो या दोन अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा आधार घेऊन १९६५ च्या मोठ्या शालेय पाहणीतले गुण तपासले, २००८ मध्ये निष्कर्ष छापले. बालवाडीच्या वयात टीव्ही पाहिलेल्या मुलांचे गुण कमी झालेले दिसले नाहीत, झालाच तर किंचित फायदा. आणि फायदा जास्त कुणाला? ज्यांच्या घरी इंग्रजी बोलत नव्हते आणि ज्यांच्या आयांचं शिक्षण कमी होतं, त्या मुलांना. म्हणजे घरात जी भाषा मिळत नाही ती टीव्ही थोडीफार देतो. आपल्या मराठीच्या बाबतीत मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

याच्या उलट कॅनडातलं एक छोटं गाव आहे. डोंगरामुळे तिथे १९७३ पर्यंत टीव्ही दिसतच नव्हता. त्याआधी तिथली लहान मुलं वाचनात आणि कल्पकतेच्या चाचण्यांत शेजारच्या गावांपेक्षा पुढे होती. टीव्ही आल्यावर दोन वर्षांत ती आघाडी गेली, आणि मैदानावरची मारामारी वाढली. दोन्ही अभ्यास एकदम वाचले की माझ्या मनात हेच येतं की टीव्हीने कशाची जागा घेतली ते बघावं. रिकाम्या वेळेची घेतली की पुस्तकाची, खेळाची, गप्पांची?

आणि लहान बाळं पडद्यावरून भाषा शिकत नाहीत हेही दिसलंय. पॅट्रिशिया कुह्ल यांनी २००३ मध्ये नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग केला. काहींशी चिनी बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसून खेळली, बोलली. काहींना तीच माणसं टीव्हीवर दाखवली. पहिल्या बाळांना चिनी ध्वनी ओळखता येऊ लागले, दुसऱ्यांना अजिबात नाही. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नकोच म्हणते, आणि दोन ते पाच वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास.

तुमचा मुलगा साडेचार वर्षांचा, चार ते सात म्हणजे तीन तास. हे तासावर आणता आलं तर आणा. नाहीच जमलं तर निदान एवढं करून बघा. सासूबाईंना धावायचं नाही, पण त्या पडल्या पडल्या बोलू तर शकतात. टीव्ही अर्ध्या तासाने बंद करून त्यांनी मराठीत विचारायचं, "आता काय झालं रे त्यात? मला दिसलं नाही, सांग." त्यांना खरंच दिसलेलं नसतं, त्यामुळे मुलाला सांगावंच लागतं. त्यांना हिंदी येत नाही हा इथे फायदाच आहे! पहिले काही दिवस तो हिंदीत सांगेल. त्यांनी "म्हणजे काय?" विचारत राहायचं. माझ्याकडच्या दोन घरांत हे चालू आहे. पाहिलेली गोष्ट क्रमाने सांगता येणं हेच पुढे चौथीत उताऱ्यावरच्या प्रश्नांना उपयोगी पडतं. सात वाजता तुम्ही आलात की कांदा चिरता चिरता तीच गोष्ट तुम्हालाही सांगू दे. त्याला वेगळा वेळ लागत नाही.

जाहिरातींचं मात्र आवर्जून सांगा. साताठ वर्षांखालच्या मुलांना हे कळतच नाही की जाहिरात आपल्याला काहीतरी विकायला केलेली असते. कार्यक्रमातलं आणि जाहिरातीतलं त्यांना सारखंच खरं वाटतं. तेवढ्या वेळापुरता आवाज बंद करायची सवय लावली तरी खूप झालं.

बाबाजीपुऱ्याची_आजी

वडसरच्या सूनबाई, तुमच्या सासूबाईंना माझा नंबर द्यायला हवा होता, पण इथे देता येत नाही म्हणतात. कीर्तिमंदिराच्या बाजूला कधी आल्यात तर या. गुडघ्यांचं माझंही तेच. मी खुर्ची टीव्हीकडे तिरकी ठेवते, म्हणजे मला पणतूचं तोंड दिसतं. कुठे घाबरला, कुठे हसला ते कळतं.

जुना_वाचनालयी

मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत आयुष्य गेलेला माणूस आहे, म्हणून थोडा इतिहास.

चित्रं दाखवून शिकवण्याची बडोद्याला परंपरा आहे आणि ती टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात, मुलींनाही. मग प्रश्न आला की चौथी पास झालेला पोरगा पुढे काय वाचणार? वाचायला मिळालं नाही तर शिकलेलंही विसरेल. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल बोर्डन यांना बोलावून ग्रंथालय खातं उभं केलं. गावोगाव फिरत्या पेट्या जायच्या, लाकडी पेटीत पुस्तकं घालून. त्या खात्याचीच एक दृश्यशिक्षणाची शाखा होती. मॅजिक लँटर्नच्या (दिव्याच्या उजेडाने पडद्यावर चित्र पाडणाऱ्या यंत्राच्या) स्लाइड, दोन डोळ्यांनी बघायचे स्टिरिओस्कोप, आणि सिनेमाचं यंत्रसुद्धा खेड्यांत न्यायचे, फुकट दाखवायचे.

पीजवाल्या भाईंचं वाचून हे आठवलं. लँटर्नची स्लाइड मुकी असते, शेजारी उभं राहून कुणीतरी बोलल्याशिवाय ती चालतच नाही. आणि चित्रं दाखवणारं खातं आणि पुस्तकं देणारं खातं एकच होतं, ही मला त्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. सापाबद्दल चित्र बघितलं तर सापाचं पुस्तक मागायला कुठे जायचं ते गावाला ठाऊक असायचं. आज टीव्हीवर व्हेलमासा पाहिलेल्या पोराला त्याच आठवड्यात व्हेलमाशाचं पुस्तक हातात कोण देतं? आमच्याकडे मुलांच्या विभागात मराठी पुस्तकं आहेत. पालक येतात ते स्पर्धापरीक्षांची गाइडं मागायला.

फॅकल्टीवरून

मी १९ वर्षांची, इथल्या एमएस विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला. सगळे काका-काकू-आजी आमच्याबद्दल बोलतायत म्हणून आमच्याकडून पण लिहिते.

माझं शिक्षण पूर्ण गुजराती माध्यमात. मराठी बोलता यायची, पण ती फक्त घरातली: जेव, झोप, दार लाव. 'तारण', 'कोर्टात दावा', 'राजीनामा', 'निवडणूक' हे सगळं मराठीत मी टीव्हीवर ऐकलं. पुण्याची मामेभावंडं हसायची, ती हसायची थांबली. त्यामुळे करेलीबागच्या काकांइतकं मी टीव्हीला वाईट म्हणू शकत नाही.

माझी एक मागणी आहे. मराठी कार्यक्रमांना मराठीतच सबटायटल हवेत. इंग्रजी नको, मराठीच. देवनागरी आम्हाला हिंदीमुळे येते, पण मराठी वाचायचा सराव नसतो. ही कल्पना आपल्याच राज्यातली आहे. अहमदाबादच्या आयआयएममध्ये ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये मांडली, आणि १९९९ मध्ये अहमदाबाद दूरदर्शनवर गुजराती चित्रपटगीतांखाली गुजरातीतच ओळी दाखवायला सुरुवात झाली. गाणं पाठ असतं, ओळी डोळ्यांसमोर सरकतात, आणि कमी शिकलेला माणूस नकळत वाचायला लागतो. माझ्या आजीची कामवाली बाई तशीच वाचायला शिकली असं आजी सांगते. मराठीत हे सगळीकडे का नाही?

आता संस्कारांबद्दल. सगळे मालिकांना नावं ठेवतात. आमच्या घरी सगळ्यात वाईट गोष्ट रात्री नऊच्या बातम्यांत चालते. आठ चौकोन, आठही माणसं एकदम ओरडतात, समोरचा बोलत असताना त्याला तोडतात, आणि जो जास्त ओरडतो तो जिंकल्यासारखा वाटतो. हे बाबा जेवताना लावतात. माझा भाऊ अकरा वर्षांचा. तो आता आईशी वाद घालताना तसाच बोलतो, "नाही, पहिले तू माझ्या प्रश्नाचं उत्तर दे." हात पण तसाच दाखवतो. त्याला मालिका बंद आहेत, कार्टून बंद आहेत, बातम्या चालू आहेत, कारण बातम्या म्हणजे ज्ञान. पालकांनी स्वतः काय बघतो तेही या धाग्यावर लिहावं असं मला मनापासून वाटतं.

पीजजवळचा

बातम्यांबद्दल पूर्ण अनुमोदन. मोठ्यांच्या कार्यक्रमांवर कुणाचंच लक्ष नसतं.

दांडियाबाजारची_शिक्षिका

फॅकल्टीवरून, तुझ्या प्रतिसादाची मी वाट बघत होते असं म्हटलं तरी चालेल. बातम्यांचा मुद्दा मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत मांडणार आहे.

टीव्हीने मूल्यं चांगल्या दिशेलाही हलतात, हेही सांगितलं पाहिजे. जेन्सन आणि ओस्टर यांचा आपल्या देशातल्या पाच राज्यांतल्या खेड्यांचा अभ्यास आहे, २००१ ते २००३ मधला. ज्या गावात केबल आली तिथे बायकोला मारणं योग्य म्हणणाऱ्या बायका कमी झाल्या, मुलगाच हवा ही इच्छा कमी झाली. त्या वेळच्या केबलवर काय चालायचं? आपण ज्यांना नावं ठेवतो त्याच सासू-सुनांच्या मालिका. शहरातल्या बायका एकट्या बाहेर जातात, नोकरी करतात, एवढं नुसतं दिसणंसुद्धा तिथे नवीन होतं. म्हणून 'मालिका म्हणजे कचरा' असं मी म्हणत नाही. पण आपली मुलं त्या खेड्यांत राहत नाहीत. एकट्याने बाहेर जाणारी, नोकरी करणारी आई त्यांच्या घरातच आहे. त्यांना मालिकेतून मिळतो तो बहुतेक वेळा कट आणि संशय, आणि त्यावर बोलायला कुणीतरी लागतं.

वाचनालयी काका, पुस्तकाची सूचना मी या आठवड्यापासून अमलात आणतेय. मुलांना विचारणार आहे की टीव्हीवर काय पाहिलं, आणि त्यावरचं पुस्तक शोधायला शनिवारी लायब्ररीत नेणार आहे. चार-पाच मुलं तयार आहेत. कुणाला पाठवायचं असेल तर सांगा, दहापर्यंत निघतो.

वडसरची_आई

शनिवारी मला सुट्टी असते. आम्ही दोघं येतो. तो 'डायनासोर' म्हणतोय, मराठीत पुस्तक असेल का?

जुना_वाचनालयी

आहे. खालच्या कपाटात असतं, मी काढून ठेवतो.

करेलीबाग_०७

सगळं वाचतोय. लहान मुलांचं पटलं. पण माझा प्रश्न नववीच्या मुलीचा आहे. समजा सहामाहीनंतर मी टीव्ही सुरू केला आणि शेजारी जाऊन बसलो, तर ती दोन मिनिटांत उठून आत जाईल. या वयात बाप शेजारी बसलेला चालत नाही. काय करायचं?

फॅकल्टीवरून

काका, तुम्ही तुमचा कार्यक्रम लावून तिला बसवाल तर ती उठणारच. रिमोट तिच्याकडे द्या. तिला जे बघायचं ते लावू दे, आणि तुम्ही बसा. फोन बाजूला ठेवून. पहिले काही दिवस काहीच बोलू नका, नावं तर अजिबात ठेवू नका. मग जे खरंच कळलं नाही ते विचारा, की हा कोण, ही याच्यावर का चिडली. आम्हाला समजावून सांगायला आवडतं, परीक्षा घेतलेली आवडत नाही. आधी तिला विचारून तर बघा ती काय बघते.

करेलीबाग_०७

विचारलं. टीव्ही बंद असल्यापासून मैत्रिणीच्या घरी कोरियन मालिका बघते म्हणाली, खाली इंग्रजी ओळी वाचत. सोळा भाग आहेत, नऊ झाले. दहावा रविवारी आमच्याकडे लावायचा ठरलाय. तोपर्यंत आधीच्या नऊ भागांत काय झालं ते ती मला जेवताना सांगणार आहे, आज पहिले दोन झाले.